निरोपाखालचं नाव

राजेश्वरीअक्काच्या मते नळदुर्गच्या भुसार संघात अक्कल असलेलं एकच माणूस होतं, आणि ते गेली अकरा वर्षं कोपऱ्यातल्या डगमगत्या टेबलावर बसून संगणक चालवत होतं. बाकीच्यांबद्दल तिची मतं तयारच असायची, फक्त कुणी विचारायचा अवकाश. चेअरमन बलभीमराव म्हणजे इस्त्रीचा शर्ट, आत काही नाही. संचालक मंडळ म्हणजे चहा येईपर्यंत गप्प आणि चहा संपला की घाई. हमालांचा मुकादम सिदू म्हणजे तंबाखूची चालती पिशवी. ही मतं ती तोंडावर बोलत नसे, पण तिच्या नाकाच्या शेंड्यावर ती इतकी स्पष्ट लिहिलेली असायची की समोरच्याला ऐकायची गरज पडत नसे.

तिचं काम तसं पाहिलं तर एका मिनिटाचं. संघाचा काटा हायवेच्या कडेला. पूर्वी शेतकरी मनाला येईल तेव्हा माल आणायचे आणि दोन-दोन दिवस टेम्पो लावून बसायचे. मग नंबर लावायची पद्धत आली. शेतकऱ्यानं नाव नोंदवायचं आणि ज्या दिवशी त्याचा नंबर असेल त्या सकाळी साडेपाचला त्याच्या फोनवर निरोप यायचा: 'आज तुमचा नंबर अमुक. माल घेऊन या. राजेश्वरी अक्का, भुसार संघ.' नंबर चुकला की पुन्हा यादीच्या शेपटाला, म्हणजे पुढं आठ-दहा दिवस वाट बघत बसा.

हे निरोप सोडायला सोलापूरच्या एका प्रोग्रामरनं एक पान करून दिलं होतं. ते पान भाड्याच्या कुठल्याशा सर्व्हरवर होतं. त्याचा पत्ता कुणीतरी उघडला की सर्व्हर जागा व्हायचा, त्या दिवसाची यादी लावायचा, निरोप सोडायचा आणि खाली एक शब्द दाखवायचा: 'झालं.' पत्ता उघडलाच नाही तर यादी नाही, निरोप नाही, काही नाही. प्रोग्रामर जाताना म्हणाला होता, "मॅडम, रोज सकाळी हे पान उघडायचं, 'झालं' दिसेपर्यंत हलायचं न्हाय." तो पुढं बेंगळुरूला गेला तो गेलाच. आणि निरोपाखाली कुणाचं तरी नाव हवं म्हणून त्यानं विचारलं, तेव्हाचे चेअरमन कोर्टकचेरीत अडकलेले, संचालकांना आपलं नाव पुढं करायची भीती. म्हणून कोपऱ्यातल्या बाईचं नाव टाकून मोकळे झाले. असा हा मान.

पण अक्कानं तो मान निभावला. तिचे वडील बंडप्पा गेले त्या सकाळी अंगणात माणसं जमलेली असताना तिनं पदराआड फोन धरून पान उघडलं होतं, 'झालं' दिसल्यावर मगच रडायला बसली होती. भावजयीनं त्यावरून आजवर टोमणे मारले. अक्कानं तिलाही आपल्या नावं ठेवायच्या यादीत घालून ठेवलं.

पान उघडणं सोपं. कधी उघडायचं नाही, हे खरं काम. कुणा हमालाच्या घरी मयत झाली की काटा बंद. गावची यात्रा असली की बंद. आणि अमावस्येला बंद म्हणजे बंद. अमावस्येला हमाल पोत्याला हात लावत नाहीत; संघ नव्हता, हायवे नव्हता, तेव्हापासूनचा हा नियम. एकाच दिवसाची अमावस्या असली तर ठीक, शेणातला किडासुद्धा सांगेल. पण दोन दिवसांत विभागून आली की कॅलेंडर एक दिवस दाखवणार, देवळातला गुरव दुसरा सांगणार, आणि हमाल कोणता पाळणार हे ठरवणार सिदू मुकादम, तेही आपल्या थोरल्या भावाला विचारून. म्हणून अक्का रोज संध्याकाळी सिदूला फोन करायची. "उद्या काटा हाय का?" एवढंच विचारायची. हाय म्हणाला तर सकाळी पान उघडायची, न्हाय म्हणाला तर कूस बदलून झोपायची. निरोप आला म्हणजे काटा चालू, नाही आला म्हणजे बंद, हे चाळीस गावांना पाठ झालं होतं. अमावस्या आज की उद्या, हे शेतकरी कॅलेंडरात बघेनासे झाले. फोनवर अक्काचं नाव आलं की टेम्पोवाल्याला हाक मारायचे.

त्यातलीच एक शांतम्मा. जळकोटच्या पुढं सीमेकडच्या एका वाडीत एकटी राहणारी, सत्तरी ओलांडलेली, दीड एकराची मालकीण. घरात कानडी, बाजारात मराठी, आणि लिहिण्यावाचण्याच्या नावानं दोन्हीकडं शून्य. तिच्या फोनवरचा निरोप शेजारीण वाचून दाखवायची. पण काट्यावर माल मोजून झाला की जी काटापट्टी मिळते, वजनाचा आणि भावाचा तो चिटोरा, ती मात्र शांतम्मा दुसऱ्या कुणाला वाचू देत नसे. अडत्यानं हात पुढं केला तर पदरात लपवायची, सरळ अक्काच्या टेबलाशी यायची आणि म्हणायची, "पोरी, तू वाच." अक्का वाचायची. जगात अक्का ज्यांना नावं ठेवत नसे अशी दोन-तीन माणसं असतील, त्यांतली ही एक. अक्का तिला अव्वा म्हणायची, आपल्या आईला म्हणायची तसं.

मग दसरा झाला आणि बलभीमरावांचे जावई आले.

इंद्रजित त्यांचं नाव. पुण्यात कंपनीत होते. नोकरी सोडली असं ते म्हणत. कुणी कुणाला सोडलं ते देव जाणे. सासऱ्याकडं चार दिवसांसाठी आले आणि दिवाळी उलटली तरी हलले नाहीत. दिवसभर गळ्यात हेडफोन, हातात लॅपटॉप, आणि बोलणं असं की शेजारच्या ढाब्यावरचा चहासुद्धा यांच्या परवानगीनं उकळतोय. एकदा संघात डोकावले, अक्का सकाळी काय करते ते ऐकलं आणि पोट धरून हसले.

"काकू, अकरा वर्षं तुम्ही रोज उठून एक लिंक उघडताय? हाताने?"

काकू! एकतीस वर्षांचा बाप्या, त्रेचाळीस वर्षांच्या बाईला काकू! अक्काच्या कपाळावरची आठी तिथंच कायमची बसली.

"मग कशानं उघडायची, साहेब?" ती म्हणाली.

"एक ओळ लागते फक्त. एक ओळ!"

पुढच्या बैठकीत ती ओळ आली. जावईबापूंनी भिंतीवर चित्र पाडून संचालकांना शिकवणी दिली. सर्व्हरवर एक वेळापत्रक असतं, त्याला क्रॉन म्हणतात. त्यात पाच खण. पहिल्यात मिनिट, दुसऱ्यात तास, तिसऱ्यात तारीख, चौथ्यात महिना, पाचव्यात वार. जिथं आपली काही अट नाही तिथं चांदणी टाकायची. पुढं त्या पानाचा पत्ता. झालं. सोमवार ते शनिवार, ठीक साडेपाचला, सर्व्हर आपलं पान आपणच उघडणार. माणूस नको, फोन नको, जाग नको. संचालकांनी असे डोळे विस्फारले की त्यांच्यासमोर कुणी दोरीवर चालून दाखवतंय.

अक्का दाराशी उभी होती. तिनं ते पाच खण पाहिले, पुन्हा पाहिले, आणि तिच्या ध्यानात आलं. मिनिट होतं, तास होता, वार होता. तिथीला जागा कुठंच नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "ह्याला अमावस्या कळती का?"

मग इंद्रजित हसला, आणि जावई हसला म्हणून बलभीमराव हसले, आणि चेअरमन हसले म्हणून पाच संचालक हसले.

"काकू, सर्व्हरला अमावस्या-पौर्णिमा नसते!"

"राजेश्वरीबाई," बलभीमराव डोळे पुसत म्हणाले, "तुमाला आता पहाटं उठायचा तरास न्हाय. गेटावर बसा, पावत्या फाडा. आराम करा की."

आराम! अकरा वर्षांचं काम एका ओळीत गुंडाळलं आणि वर आराम म्हणे. तिला गेटाजवळच्या पत्र्याच्या टपरीत बसवलं, समोर पावतीपुस्तक आणि पेन. चार दिवसांनी जावईबापूंचा सत्कार झाला, शाल, नारळ, फेटा. तो नारळ आणायला अक्कालाच पाठवलं होतं. तिनं दुकानात मुद्दाम हलवून बघितला नाही. पाणी नसलेला निघाला तर बरंच, असा विचार करून.

त्या दिवसापासून संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर रोज सकाळी एक फोटो पडायचा. सर्व्हरच्या नोंदीचा. 'साडेपाच वाजता विनंती पाठवली, उत्तर २००, ओके.' खाली जावईबापूंचा अंगठा. त्याखाली चेअरमनचा अंगठा. मग संचालकांचे पाच. सर्व्हरनं उत्तर दिलं म्हणजे काम झालं, ही यांची समजूत. दाराची कडी वाजली म्हणजे पाहुणे जेवून गेले असं मानणारी ही जमात! अक्का तो फोटो बघायची, फोन पालथा ठेवायची आणि वाट बघायची.

निरोपाखालचं तिचं नाव मात्र कुणी बदललं नव्हतं. पान जुनंच होतं. ओळीनं फक्त ते उघडायचं काम घेतलं होतं. हे जावयाच्या लक्षात आलं नाही. अक्काच्या लक्षात होतं, पण तिनं त्याचा फारसा विचार केला नाही.

कार्तिकातली अमावस्या विभागून आली. गुरुवारी सकाळी लागणार, शुक्रवारी दुपारी सुटणार. कॅलेंडरात शुक्रवारच्या चौकोनात काळा ठिपका. बुधवारी संध्याकाळी अक्का भाकरी थापत होती आणि फोन वाजला. सिदू मुकादम. इतकी वर्षं ती त्याला फोन करायची. दोन-तीन आठवडे केला नाही म्हणून त्यानं आपणहून केला होता.

"अक्का, उद्या गुरवारीच काटा बंद हाय बगा. थोरल्याला इचारलंय. दिवं लागताना अमुशा गुरवारीच हाय, तवा तीच पाळायची. शुक्रवारी चालू."

"बरं," अक्का म्हणाली.

तिनं फोन ठेवला. तव्यावरची भाकरी उलटली. उद्या साडेपाचला ती ओळ पान उघडणार होती. गुरुवार, सोमवार ते शनिवारातला एक वार. जावईबापूंचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. "काही अडलं तर कधीही फोन करा, काकू," असं म्हणून त्यानंच दिला होता.

"कुणाचा फोन?" तिच्या नवऱ्यानं, मल्लिकार्जुननं विचारलं.

"मुकादमाचा. उद्या काटा बंद."

"मग जावयाला कळवलीस का?"

"माझं काम हाय व्हय ते? मी गेटावर पावत्या फाडते." तिनं भाकरी फुग्यासारखी फुगू दिली आणि मग पाटीत टाकली. "सर्व्हरला अमावस्या नसती म्हणे. नसू दे. उद्या बघू दे की त्याला, पोती कोण उचलतंय ते."

मल्लिकार्जुननं तिच्याकडं बघितलं. लग्नाला बावीस वर्षं झालेला माणूस होता, जेवायला बसला. अक्का त्या संध्याकाळी खूष होती, खोटं कशाला सांगा. बैठकीतलं ते हसणं तिनं मनात अनेकदा ऐकलं होतं. आता ते हसणाऱ्यांच्या घशात जाणार होतं.

सवयीनं पाचला जाग आली. अर्धा तास हातात होता. एक फोन केला असता तर ओळ थांबली असती. ती अंथरुणावर बसून राहिली. साडेपाचला फोन वाजला. खात्री करायला तिनं स्वतःचाही नंबर यादीत घालून ठेवला होता. 'आज तुमचा नंबर... माल घेऊन या. राजेश्वरी अक्का, भुसार संघ.' ते नाव तिनं एकदा वाचलं आणि फोन उशाशी ठेवला. दोन मिनिटांनी गटावर फोटो पडला. उत्तर २००, ओके. अंगठा. अंगठा. पाच अंगठे. अक्काला हसू फुटलं.

आठ वाजेपर्यंत गेटासमोर टेम्पो, पिकअप, टमटम यांची ही गर्दी. हायवेवरचे ट्रकवाले हॉर्न मारून शिव्या देऊन जात होते. गेटाला कुलूप. काटा बंद, अडत्यांची दुकानं बंद, हमाल आंघोळ करून कपाळाला भस्म लावून मारुतीच्या पारावर बसलेले, खालची पोती बघायलाही तयार नाहीत. अणदूरकडचा एक शेतकरी चेअरमनच्या गाडीसमोरच आडवा उभा राहिला.

"निरोप पाठवताव, आन काटा बंद ठेवताव? आमी काय रिकामे हाव व्हय?"

बलभीमराव घामाघूम. जावईबापू लॅपटॉप उघडून बॉनेटवर ठेवून दाखवत होते, "बघा, सर्व्हर बरोबर आहे! इथं ओके आलंय!" कुणीतरी मागून ओरडलं, "मग त्या ओकेलाच सांगा पोती उतरवायला!" आणि गर्दी अशी खदाखदा हसली, की जावयाचं तोंड पार पडलं. दुसऱ्यानं शाल कुठं आहे म्हणून विचारलं. तिसऱ्यानं पाच खणांचं काय झालं ते विचारलं. बैठकीतली गोष्ट चहाच्या टपरीपर्यंत कशी पोचली ते अक्काला ठाऊक होतं. तिनंच पोचवली होती.

चेअरमन सिदूवर धावले. "मुकादम, काटा बंद ठेवायचा तर सांगायचं न्हाय का?"

सिदूनं अक्काकडं बघितलं. अक्का पावतीपुस्तकाकडं बघत होती. मुकादमानं तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात घेतली.

"कुणाला सांगू, चेअरमनसाब? त्या सर्व्हरला?"

पुन्हा हशा. अक्काही हसली. सिदू हसला नाही. तो पुन्हा पारावर जाऊन बसला.

काय मजेचा दिवस तो! टेम्पो शिव्या देत परत फिरले, काही ढाब्याच्या मागं मुक्कामाला लागले. जावईबापू दुपारी मागच्या दारानं सासऱ्याच्या घरी सटकले. अक्का एका संचालकाच्या कानाशी, मग दुसऱ्याच्या, "मी विचारलं होतं की ओ, हसलाव तुमी," असं सांगत चहाचे चार कप प्यायली. कुणी तिला खोडून काढलं नाही. इतक्या वर्षांत या माणसांनी तिचं म्हणणं असं मान खाली घालून ऐकलं नव्हतं.

चार वाजता ती घरी जायला निघाली तेव्हा गेटाच्या डाव्या बाजूला, भिंतीच्या सावलीत, दोन पोती दिसली आणि पोत्यांना टेकून बसलेलं एक लुगडं.

"अव्वा?"

शांतम्मानं मान वर केली. उजव्या डोळ्यावर सायीसारखं पांढरं आलं होतं. डाव्या डोळ्यानं तिनं नीट निरखून बघितलं. "पोरी, आलीस व्हय. सकाळधरनं बघायलेय, गर्दीत दिसंनास."

टमटमवाला दोन पोती सोयाबीन गेटावर टाकून निघून गेला होता. उचलायला हमाल नाही. पोती सोडून कुठं जाणार? त्यामुळं म्हातारी सकाळी आठपासून तिथंच. पाणी प्यायला गेली नाही, दुसऱ्या कशालाही गेली नाही. पदरात बांधून आणलेली भाकरी तशीच होती. पाण्यावाचून घशाखाली उतरेना म्हणाली.

"अव्वा, मला हाक मारायची की ओ!"

"तू कामात हुतीस." शांतम्मानं कनवटीची पिशवी चाचपली आणि एक घडी घातलेला कागद काढला. "हे आता टाकून दिऊ का ठिऊ? तू वाच."

अक्कानं वाचलं. तुळजापूरला डोळ्यांचं शिबिर. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. शांतम्माचं नाव, आजची तारीख, सकाळी नऊ वाजता हजर राहणे.

"आज तुमचं आप्रेशन हुतं?"

"व्हय. शेजारीण संगं येनार हुती. पहाटं तुझा निरोप आला. नंबर चुकला तर पुन्हा धा दिस. घरात पोती ठिवून उंदरं लागलेत. म्हनलं डोळा पुढच्या वरसी करू." म्हातारी सहज सांगत होती, तक्रार म्हणून नाही. "शेजारीण म्हनली, आज-उद्या अमुशा हाय, काटा हाय का बग आधी. म्या म्हनलं, राजेश्वरीनं धाडलंय. दुसऱ्या कुनाचं नाव असतं तर इचारलं असतं."

अक्कानं कागदाची पुन्हा घडी घातली. तिला एकदम सिदूचं ते बघणं आठवलं.

"अव्वा, ते मी न्हाय पाठवलं," ती कशीबशी म्हणाली. "ते आता मशीन पाठवतंय. जावयानं..."

"असं व्हय," शांतम्मा म्हणाली. "नाव तुझं हुतं."

पोत्यांना हात लावायला एकही हमाल आला नाही. मल्लिकार्जुनला बोलावून नवरा-बायकोनं ती दोन पोती ओढत वॉचमनच्या खोलीत टाकली. अक्काच्या नखातून रक्त आलं. म्हातारीला घरी नेलं, गरम पाणी दिलं, पिठलं-भाकरी वाढली. शांतम्मा पोटभर जेवली आणि अक्काच्या पोरीच्या पुस्तकातली चित्रं डोळ्याजवळ धरून बघत बसली. सांगायचं असतं तर त्याच वेळी सांगता आलं असतं, की मला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. अक्का सांगू शकली नाही. जगातल्या सगळ्यांना नावं ठेवणारी बाई, स्वतःच्या पाळीला ताटं उचलायला उठली.

शुक्रवारी काटा सुरू झाला; शनिवारपर्यंत गुरुवारचेच नंबर मोजले. सोयाबीन विकलं गेलं. शांतम्मानं काटापट्टी आणून टेबलावर ठेवली, "पोरी, तू वाच." अक्कानं वाचली.

टेबल म्हणजे तेच कोपऱ्यातलं. कारण त्याच सकाळी बलभीमरावांनी तिला टपरीतून उठवून आणलं होतं. "तुमच्यासारखं मानूस न्हाय, राजेश्वरीबाई. ती ओळ काढून टाकायला लावलीय." संचालकांनी माना हलवल्या. रविवारी जावईबापू लॅपटॉप आणि शाल घेऊन पुण्याच्या गाडीत बसले. सगळं अक्काला हवं होतं तसं झालं होतं, तंतोतंत.

सोमवारी सकाळी साडेपाचला तिनं पान उघडलं. 'झालं' दिसलं. आणि पाच मिनिटांनी फोन वाजला.

"अक्का, खरंच नंबर हाय का? मुकादमाला इचारलाव ना?"

मग दुसरा. मग तिसरा. सातपर्यंत चाळीस फोन आले. अकरा वर्षांत एकानंही विचारलं नव्हतं. मंगळवारी पस्तीस. कुणी चिडून विचारायचं, कुणी हसून, "बगा हो, न्हायतर परत ओकेलाच पोती उचलाय लावाल." ती प्रत्येकाला सांगायची, व्हय, हाय, या. आधी वाटलं आठवडाभरात थांबेल. येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली शेतपूजेची अमावस्या, होऊन गेली, त्या दिवशी पान उघडलं नाही आणि कुणी आलंही नाही. पौष लागला तरी फोन चालूच राहिले. हे जावयाचं पाप, असं ती मल्लिकार्जुनला म्हणायची. तो हूं म्हणायचा.

तुरीच्या दिवसांत एका सकाळी ती काट्यावर पोचली तर शांतम्मा गेटाशी पोत्यावर बसलेली. एकच पोतं, तुरीचं. डोळा तसाच, आता जरा जास्तच पांढरा.

"अव्वा, फोन केला न्हाय तुमी? सगळे करतात, खात्री करायला."

"कशाला?" म्हातारीला खरंच कळलं नाही. "तुझं नाव हुतं की."

बाकी चाळीसजणांचे फोन अक्कानं पचवले होते. हे मात्र पचलं नाही. ती तिथंच, गेटाच्या दगडावर, म्हातारीशेजारी बसली.

"अव्वा, एक सांगते. त्या अमावस्येला... मला आदल्या दिवशीच ठाऊक हुतं. मुकादमाचा फोन आला हुता. मी जावयाला सांगितलंच न्हाय. त्याची जिरवायची हुती मला. एक फोन केला असता तर तुमाला निरोप आला नसता. तुमचा डोळा झाला असता."

हायवेवरून एक टँकर गेला, त्याचा धुरळा दोघींवर आला. म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं.

"असं व्हय," ती म्हणाली.

हमाल आले, पोतं उचललं, काट्यावर ठेवलं. सौदा झाला. काटापट्टी फाडून म्हातारीच्या हातात दिली. अक्का आपल्या टेबलाशी उभी राहिली आणि नेहमीसारखा हात पुढं केला.

शांतम्मा पट्टी घेऊन टेबलापर्यंत आली. एक क्षण थांबली. मग तशीच पुढं गेली, भिंतीशी टेकून तंबाखू मळत असलेल्या सिदू मुकादमापाशी, आणि पट्टी त्याच्यापुढं धरून म्हणाली, "बाबा, एवढं वाच की."